समुद्र नसलेल्या मुलखाचे चित्रकार

भंडारा शहर सोडून साकोलीच्या दिशेला निघालं की वैनगंगा आडवी येते आणि पूल ओलांडताच कारधा लागतं. मुंबईहून कोलकात्याला जाणारा महामार्ग याच गावावरून जातो. पावसाळ्यात कारध्याचं नाव रोज कानावर पडतं, कारण नदीची पातळी इथे मोजतात. पाणी २४५.५० मीटरच्या धोक्याच्या रेषेकडे सरकायला लागलं की काठावरच्या वस्त्यांत सामान हलवायची घाई सुरू होते. खाली पवनीकडे गोसीखुर्दचं धरण झाल्यापासून नदी इथवर फुगून राहते. ढिवरांचे डोंगे, वाळत घातलेली जाळी, पांढुरकं आभाळ, आणि मे महिन्यात सकाळी अकरालाच पाण्यावरून उलटं अंगावर येणारं असं ऊन, की माणसाचा हात आपोआप कपाळावर जातो.

मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने नऊशे किलोमीटरच्या आसपास दूर. बंगालचा उपसागरही काही जवळ नाही. पाण्याची भूक या मुलखाने तलावांवर भागवली. कोहळी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले आणि मालगुजारीच्या काळापासून चालत आलेले हे तलाव आज 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांत पाणी उभं राहतं तेव्हा जमिनीचाच वरचा थर उजळल्यासारखा दिसतो. तरीही इथल्या शाळेतल्या मुलाला समुद्र काढायला सांगितला, तर तो त्याला मनानेच काढावा लागतो.

या मुलखाचा समुद्रकाठच्या उन्हाशी आणि चित्रकलेशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी गोंदियाकडे बोट दाखवीन. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी ते भंडारा जिल्ह्यात होतं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या राजवटीत, त्या गावात विशीतला एक तरुण चित्रकला शिक्षकाची नोकरी करत होता. सय्यद हैदर रझा त्याचं नाव. दहा वर्षांच्या आत हा शिक्षक फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका डोंगरी गावावर सूर्य रंगवणार होता, आणि तोही काळा. त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे हेही नागपूरच्या चित्रशाळेतून रंग शिकून बाहेर पडत होते. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्याच्या सहा संस्थापकांपैकी दोघे हे. सूझा गोव्याचे, आरा आणि हुसेन मुंबईत येऊन घडलेले, बाकरे शिल्पकार. सहांत निसर्गचित्राला खऱ्या अर्थाने वाहून घेतलं ते या दोघांनी, आणि दोघेही समुद्र नसलेल्या मुलखातून आले.

हा योगायोग मला कधीच साधा वाटला नाही. तो उलगडायचा तर आधी थोडं लांब, थेट डेन्मार्कला जावं लागेल.

डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन नावाचं कोळ्यांचं गाव आहे. वाळूची एक लांब जीभ समुद्रात शिरते आणि तिच्या टोकाशी दोन समुद्र एकमेकांवर येऊन आदळतात. डोंगर नाही, दाट झाडी नाही. दोन्ही बाजूंच्या पाण्यावरून आणि खालच्या वाळूवरून उजेड परत वर उसळतो. १८८२ साली तिथे पेडर सेव्हरिन क्रॉयर हा चित्रकार आला. जन्म १८५१ चा, नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचा. आई मनाच्या आजाराने खचलेली, म्हणून त्याला मावशीने कोपनहेगनला आणून वाढवलं. मावशीचा नवरा प्राणिशास्त्रज्ञ होता, आणि त्याच्या अभ्यासासाठी सूक्ष्म जीवांची चित्रं या पोराने लहानपणीच काढून दिली होती. पुढे कोपनहेगनची कला अकादमी आणि पॅरिसला लेओं बोना यांची चित्रशाळा झाली. १८७७ ते १८८१ या काळात तो फ्रान्स, स्पेन, इटली असा फिरला. या फिरण्याचा खर्च हाइनरिख हिर्शस्प्रुंग नावाच्या तंबाखूच्या कारखानदाराने उचलला.

१८८४ मध्ये क्रॉयरने स्कागेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचा उन्हाळी दिवस रंगवला. भलामोठा कॅनव्हास, वाळूवर आणि उथळ पाण्यात खेळणारी मुलं, वळत दूर गेलेला किनारा आणि सगळ्यावर सारखं पसरलेलं ऊन. चित्रात काहीच घडत नाही. कुणी बुडत नाही, कुणाची वाट पाहत नाही. त्याच्या आधीच्या पिढीतल्या चित्रांत समुद्र म्हटला की वादळ, फुटलेलं जहाज, किनाऱ्यावर रडणाऱ्या बायका असायच्या. क्रॉयरने दुपार तेवढी उचलली आणि एवढ्या मोठ्या आकारात ती मांडायला घाबरला नाही. पुढे १८९३ मध्ये त्याने त्याच किनाऱ्यावर संध्याकाळच्या निळ्या वेळी चालणाऱ्या दोन स्त्रिया रंगवल्या. त्यातली एक त्याची बायको मारी, दुसरी आना आन्कर. आना या गावचीच लेक, खानावळवाल्या ब्रोंडुमची मुलगी, आणि स्वतः अव्वल दर्जाची चित्रकार.

एवढं ऊन रंगवणाऱ्या या माणसाचं उरलेलं आयुष्य उजेडाचं नव्हतं. १९०० च्या सुमारास मन ढासळलं, इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या. लग्न मोडलं. शेवटच्या वर्षांत दृष्टीही अधू झाली. १९०६ मध्ये त्याने शेवटचं मोठं चित्र पूर्ण केलं, किनाऱ्यावर पेटवलेल्या होळीभोवती जमलेल्या गावकऱ्यांचं. १९०९ मध्ये स्कागेनलाच तो गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी.

उत्तरेच्या देशात हिवाळ्यात दिवस काही तासांचा असतो. जिथे सूर्य असा मोजून मिळतो, तिथला माणूस जूनच्या दुपारीकडे कसा बघेल याची कल्पना आपण करू शकतो. क्रॉयरच्या चित्रातलं ऊन मला म्हणूनच निवांत वाटत नाही. ते हातचं जाऊ नये म्हणून घट्ट धरलेलं आहे. ऊन नीट रंगवायचं तर अंधाराशी आधी ओळख हवी, असं मला वाटतं ते या चित्रांमुळे. आणि याच ठिकाणी रझा आठवतात.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात. मंडल्याचं जंगल म्हणजे सालाची झाडं, गोंडांची खेडी, नर्मदा आणि रात्र. ही रात्र रझा आयुष्यभर विसरले नाहीत. जंगलातल्या रात्रीची भीती, लांबून येणारे नाचगाण्याचे आवाज, मग पहाट झाल्यावर जिवात आलेला जीव, आणि बाजाराच्या दिवशी लखलखीत उन्हात रंगांनी भरून गेलेलं गाव, हे त्यांनी पुढे पुन्हापुन्हा सांगितलं. सूर्य त्यांच्यासाठी आधी सुटका होती, शोभा नंतर. ककैयाच्या प्राथमिक शाळेत नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी या चंचल मुलाला भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं. तो ठिपका पन्नास वर्षांनी रझांच्या चित्रांत 'बिंदू' होऊन परत आला, आणि आता रझांविषयीच्या प्रत्येक लेखात तो असतो. तो प्रसंग महत्त्वाचा आहेच. पण ठिपक्याच्या कौतुकात मधली वर्षं झाकली जातात, आणि ती वर्षं नागपूरची आणि गोंदियाची आहेत.

दमोहला शालेय शिक्षण आटोपून रझा १९३९ मध्ये नागपूरला आले. नागपूर स्कूल ऑफ आर्ट ही बापूराव आठवल्यांची शाळा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ ची. तिच्यापाशी इमारत होती, सरकारी अनुदान होतं, धुरंधरांसारखे नावाजलेले प्राध्यापक होऊन गेले होते. नागपूरच्या शाळेपाशी यातलं फारसं काही नव्हतं. तिच्यापाशी आठवले होते. मध्य प्रांतातल्या आणि वऱ्हाडातल्या ज्या मुलांना मुंबई परवडणारी नव्हती, त्यांना रेखाटन, स्थिरचित्र आणि निसर्गचित्र यांचं पक्कं शिक्षण इथे मिळालं. गाडे विज्ञानाचे पदवीधर, जबलपूरच्या स्पेन्सर ट्रेनिंग कॉलेजात शिकवणारे. त्यांचीही चित्रकलेतली घडण याच शाळेची.

त्या काळचं निसर्गचित्र म्हणजे बहुतेक वेळा जलरंग, आणि विदर्भातल्या उन्हात जलरंग वापरणं हे वेगळंच प्रकरण आहे. कागदावर ओला वॉश ओढावा, तर कुंचला दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक वाळून त्याला कडक कड पडलेली असते. रंगांना एकमेकांत मिसळायला वेळच मिळत नाही. कोकणात, मुंबईत हवेतलं पाणी चित्रकाराच्या बाजूने असतं. सावंतवाडीच्या हळदणकरांच्या जलरंगांतली मऊ, विरघळती सावली त्या हवेची आहे. नागपुरात एप्रिल-मे मध्ये बाहेर बसलेल्याला झटपट ठरवावं लागतं: काय ठेवायचं, काय सोडायचं, रंग कुठे थांबवायचा. सावलीही इथे मऊ नसते. कडुनिंबाखाली काळा तुकडा, त्याला लागून पांढरा तुकडा. नागपूरच्या वाटेने आलेल्या या दोन चित्रकारांनी पुढे गावं आणि घरं धारदार कडांच्या रंगखंडांत बांधली, याचं सगळं श्रेय पॅरिसला आणि फ्रेंच चित्रकार सेझानला देऊन मोकळं होणं मला पटत नाही. सेझान त्यांना नंतर भेटला. कड आधी दिसली होती.

शिक्षणानंतर पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि चित्रकाराला खात्रीची नोकरी एकच असे: शाळेतल्या चित्रकला शिक्षकाची. रझा गोंदियाला आले. बंगाल-नागपूर रेल्वेचं हे जंक्शन. आजूबाजूला तेंदूची जंगलं आणि गावात बिडीचा धंदा. नागपूरहून येणारी मोठी गाडी भंडारा रोड, तुमसर रोड करत वैनगंगा ओलांडून इथे पोहोचायची, आणि इथूनच सातपुड्यात शिरणारी लहान गाडी नैनपूरकडे निघायची. नैनपूरहून मंडल्याला फाटा होता. म्हणजे घराकडे जाणारी छोटी गाडीही या स्टेशनातूनच सुटत होती आणि मुंबईकडे जाणारी मोठी गाडीही इथेच थांबत होती. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला रोज या दोन्ही गाड्यांच्या शिट्या ऐकू येत असणार.

तो काळही काही शांत नव्हता. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी पेटली, तुमसरला गोळीबार झाला. शाळा-कॉलेजांतली मुलं रस्त्यावर होती. युद्धामुळे कागदापासून रॉकेलपर्यंत सगळ्याची टंचाई. अशा दिवसांत एका चित्रकला शिक्षकाने काय शिकवलं असेल? सुरई, पेला, पानाफुलांची नक्षी, पेन्सिलीने छाया देणं. आजही आपल्या शाळांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं हेच काढतात. या कामाला कुणी थोर म्हणत नाही. पण विदर्भातल्या चित्रकलेचा सगळा कणा या नोकरीवर उभा होता, कारण चित्रकाराला महिन्याच्या महिन्याला पगार आणि हातात खडू देणारी दुसरी जागाच नव्हती.

मध्य प्रांत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४३ मध्ये रझा जे.जे.त शिकायला मुंबईला निघाले. नोकरीतून मोकळं होण्यात उशीर झाला. पोहोचेपर्यंत प्रवेशाची मुदत टळून गेली होती. प्रवेशही गेला, शिष्यवृत्तीही गेली. परत फिरणं सोपं होतं. गोंदियाची गाडी ठाऊक होती. ते परतले नाहीत. एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओ नावाच्या छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या ठिकाणी त्यांनी काम धरलं. दिवसा डिझाइनं काढायची आणि उरलेल्या वेळात मुंबई रंगवायची. पुढे जे.जे.चं शिक्षणही झालं. पण त्यांची खरी शाळा मला त्या ब्लॉक स्टुडिओच्या खिडकीत दिसते. फ्लोरा फाउंटन, ट्रामचे रस्ते, पावसाने चकाकणारे फुटपाथ, वरून दिसणारी माणसांची दाटी. याच काळातले त्यांचे जलरंग पाहिले की लक्षात येतं, की इथल्या दमट हवेत त्यांचा वॉश प्रथमच मोकळा पसरतो आहे.

या जलरंगांकडे ज्यांचं लक्ष गेलं, त्यांची गोष्ट वेगळी सांगण्यासारखी आहे. हिटलरच्या छळातून निसटून तीन माणसं १९३० च्या दशकात मुंबईत पोहोचली होती. रुडॉल्फ फॉन लायडन हे जर्मन, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ; मुंबईत टाइम्स ऑफ इंडियात ते कलासमीक्षा लिहू लागले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर टाइम्सचे कलादिग्दर्शक झाले. त्यांची पत्नी केथे ज्यू होती, आणि देश सोडणं त्यांना भागच होतं. तिसरे इमॅन्युएल श्लेझिंगर, औषधांच्या धंद्यातले, चित्रं विकत घेणारे. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात रझांची चित्रं लागली तेव्हा लायडन यांनी त्यांच्यावर कौतुकाने लिहिलं. लँगहॅमर यांनी आपल्या स्टुडिओचं दार उघडं केलं. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती टेबलावर पसरल्या जात, आणि लँगहॅमर एखाद्याच्या चित्रासमोर उभे राहून रंग कुठे मेला ते दाखवत. खाली समुद्र होता.

ज्यांचं घरदार गेलं होतं, त्यांनी मंडल्याच्या आणि वऱ्हाडच्या पोरांना घर दिलं. क्रॉयरला एक हिर्शस्प्रुंग मिळाला. तो श्रीमंत होता आणि आपल्या देशात सुखरूप होता. मुंबईतली ही माणसं स्वतः निर्वासित होती, त्यातले लँगहॅमर तर नोकरी करून राहणारे. त्यांनी दिलं ते मुख्यतः लक्ष, आणि चित्र बघण्याची सवय. मराठी कलाविश्वाने त्यांचं ऋण पुरेसं मान्य केलेलं नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

१९४६ मध्ये रझांचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं, बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदकही मिळालं. दुसऱ्या वर्षी सूझांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा राहिला. ग्रुपची घोषणा, भांडणं, ७ जुलै १९४९ रोजी मुल्कराज आनंद यांच्या हस्ते उघडलेलं मुंबईतलं प्रदर्शन, हे सगळं पुष्कळांनी लिहिलं आहे. मी इथे एकाच गोष्टीपाशी थांबतो. सूझांना माणसाचं शरीर आणि चर्च यांच्याशी हिशेब चुकवायचा होता. हुसेन यांना गर्दीतला माणूस हवा होता. रझा आणि गाडे यांच्या चित्रांत मात्र माणूस हळूहळू बाजूला होत गेला आणि जमीन, भिंती, छपरं, आभाळ पुढे आलं. सहा जणांत आक्रमक बोलणारे बरेच होते. गाडे बोलण्यात मागे आणि रंगात पुढे. सुरीने थापलेला जाड रंग, झोपड्यांचे सोपे चौकोन, ओंकारेश्वरच्या पायऱ्या. त्यांच्या चित्रातली लाल माती कुठल्याही चळवळीची घोषणा न देता नवी होती.

फाळणीने रझांचं घर विस्कटलं. आई-वडील एकापाठोपाठ गेले, भावंडं पाकिस्तानात गेली. रझा गेले नाहीत. मंडला सोडवत नव्हतं, असं ते सांगत. १९४८ मध्ये ते काश्मीरला गेले, युद्ध अजून चालू असलेल्या मुलखात. उद्ध्वस्त बारामुल्ला त्यांनी रंगवलं. तिथेच त्यांना छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रं पाहून सांगितलं, की तुमच्यात गुण आहेत, पण चित्राला इमारतीसारखा पाया आणि बांधणी लागते. सेझानचा अभ्यास करा. एखादा हे ऐकून दुखावला असता. रझांनी मुंबईत परतून फ्रेंच शिकायला घेतलं. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. आता इथेच नाव, गिऱ्हाईक, विद्यार्थी सगळं जमू शकलं असतं. त्यांनी फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये बोट पकडली. या खेपेला ते वेळेवर पोहोचले.

पॅरिसच्या एकोल द बोझार्तमध्ये तीन वर्षं गेली. पण ज्या चित्रामुळे मी हा सगळा रस्ता धरला, ते १९५१ मधलं आहे: 'ओ द कान्य'. कान्य हे नीसजवळचं, भूमध्य समुद्राकडे पाहणारं गाव. त्याचा टेकडीवरचा जुना भाग म्हणजे ओ द कान्य. चित्रकारांना हे गाव नवं नव्हतं. रेन्वार यांनी आयुष्याची अखेरची वर्षं इथेच काढली आणि १९१९ मध्ये इथेच देह ठेवला. सूतिन यांनी याच गावाची घरं वाऱ्यात सापडल्यासारखी पिळवटून रंगवली. जगभरातले प्रवासी इथे ऊन खायला येतात. या उन्हाची असंख्य गोड, गुलाबी चित्रं बाजारात आहेत.

रझांच्या चित्रात माणूस नाही. झाड नाही. घरं एकमेकांना चिकटून, तासून ठेवलेल्या ठोकळ्यांसारखी उभी आहेत, जणू टेकडीनेच कोन धरले आहेत. रंग अपारदर्शक, आणि कड तर नागपूरच्या दुपारीसारखी: इथे एक पृष्ठभाग संपला, इथे दुसरा सुरू झाला. वर आभाळात सूर्य आहे आणि तो काळा आहे.

या काळ्या सूर्याचे अर्थ अनेकांनी अनेक लावले आहेत. आई-बाप, भावंडं, देश सुटल्याचं दुःख त्यात कुणी पाहिलं. भारतीय लघुचित्रांतल्या सपाट रंगांची आठवण कुणी काढली. मला त्यात मंडल्याचं जंगल दिसतं. ज्या मुलाला रात्र आणि सूर्य एकमेकांच्या पाठीला पाठ लावून भेटले, त्याने दोघांना एकाच वर्तुळात बसवलं. आणि विदर्भात उन्हाळा काढलेल्या कुणालाही विचारा: भर दुपारी सूर्याकडे चुकून नजर गेली, की मिटल्या डोळ्यांसमोर नाचतो तो गोल काळाच असतो. क्रॉयरच्या देशात सूर्याचं स्वागत करायचं असतं, म्हणून त्याने सूर्य सगळ्या कॅनव्हासवर विरघळवून टाकला. आपल्याकडे सूर्यापासून डोकं झाकायचं असतं. रझांनी त्याला कडक कड देऊन वर टांगलं. दोघांनीही समुद्रकाठच्या सुंदर दिवसाला सजावटीचा विषय होऊ दिलं नाही, हे माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं काम.

यानंतरची रझांची चढण सर्वांना माहीत आहे, म्हणून ती भरभर सांगतो. १९५६ मध्ये पॅरिसचा समीक्षकांचा पुरस्कार, प्री द ला क्रितीक, त्यांना मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो पहिल्यांदाच मिळत होता. १९५९ मध्ये चित्रकार जानीन मोंजिला यांच्याशी लग्न. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवायला गेले असताना अमेरिकन चित्रकार रॉथको यांच्या चित्रांनी त्यांना हलवलं आणि घरांच्या भिंती विरघळू लागल्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे बिंदू आला. भूमध्य समुद्राजवळ, मांतों गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या गोर्बियो नावाच्या खेड्यात त्यांनी घर केलं आणि वर्षाचा मोठा काळ ते तिथे काम करत. डिसेंबर २०१० मध्ये ते कायमचे भारतात परतले. त्याच वर्षी त्यांचं 'सौराष्ट्र' लंडनच्या लिलावात सोळा कोटींवर विकलं गेलं होतं, आणि वर्तमानपत्रांना त्या आकड्यापलीकडे काही सुचत नव्हतं. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी दफन केलं. क्रॉयरचा जन्मही २३ जुलैचाच.

गाडे यांच्या वाट्याला असं काही आलं नाही. ते फ्रान्सला स्थायिक झाले नाहीत, लिलावात त्यांचे आकडे गरजले नाहीत. २००१ मध्ये ते गेले. त्यांच्यावर मराठीत जे लिहिलं गेलं ते बहुतेक प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या यादीत एक नाव म्हणून. चित्रकार मात्र त्यांना फार मानत, कारण रंगाला रंगाशेजारी ठेवण्याची त्यांची जाण दुर्मीळ होती. गणित आणि विज्ञान शिकलेल्या या माणसाने निसर्गाला मोजून पाहिलं आणि मग माप विसरून रंग लावला. त्यांच्या पिवळ्याला शेजारच्या जांभळ्याने पेटवलेलं असतं. तो पिवळा नुसता एकटा काढून पाहिला तर साधा मातकट आहे. हे तंत्र वरवर सोपं वाटतं. प्रत्यक्ष करून पाहणाऱ्याला त्यात किती वर्षांचं बघणं आहे ते कळतं.

वैनगंगा शिवनीच्या डोंगरात उगम पावते, मंडल्याच्या नर्मदेपासून काही फार लांब नाही. नर्मदा पश्चिमेच्या समुद्राला जाते. वैनगंगा बालाघाट, तुमसर, भंडारा, कारधा, पवनी करत दक्षिणेला वळते, पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळते आणि पूर्वेच्या समुद्राला पोहोचते. दोन नद्यांमधल्या या पट्ट्यात चित्रं काढणारी माणसं कशी घडली, याचा इतिहास कुणी लिहायला घेतला पाहिजे. मुंबईच्या प्रदर्शनांपासून आणि पॅरिसच्या पुरस्कारांपासून सुरुवात केली की तो इतिहास निसटतो. तो नागपुरात बापूराव आठवल्यांच्या वर्गात सुरू होतो, जबलपूरच्या ट्रेनिंग कॉलेजात आणि गोंदियाच्या शाळेत फळ्यापाशी उभा राहतो. रझांवर त्यात चार प्रकरणं खुशाल असावीत. पहिलं प्रकरण आठवले आणि गाडे यांचं हवं, आणि त्यासोबत गाडे यांची चित्रं पानभर, पूर्ण रंगात छापलेली.